हल्ली सगळंच लवकर तयार होतंय, हे औषधांमुळं का?

लातूरची_सून:
नमस्कार मंडळी, आमच्याकडं परवापासून वाद चाललाय. पुतणीला अकराव्या वर्षी पाळी आली तर सासूबाई म्हणतात हे सगळं त्या ब्रॉयलरचं आणि पिशवीच्या दुधाचं, आमच्या वेळी चौदा-पंधराच्या आधी कुणी बाहेर बसत नव्हतं. मामंजी त्यात लवकर काढणीला येणारं सोयाबीन आणि लवकर माजावर (वयात) येणाऱ्या कालवडी पण घालतात. मला पटत नाही पण उलटं सांगता पण येत नाही. खरंच सगळ्याला एकच कारण आहे का?

बांधावरचा:
ताई, सोयाबीनला औषधाचा संबंध नाही, वाणच तसे निवडून काढलेत. जेएस ३३५ या वाणाला ९५-१०० दिवस लागतात, जेएस ९३-०५ थोडं आधी, जेएस २०-३४ तर नव्वदीच्या आत. लवकरचा घेतला की हरभऱ्याला रान मोकळं होतं आणि शेंगा भरताना पावसानं ताण दिला तरी निभावतं. पण पीक रानात कमी दिवस राहिलं की अन्न पण कमीच बनवणार, चांगल्या पावसाच्या साली फुले संगमसारखा उशिराचा वाण पुढं जातो. आणि सप्टेंबरात काढणीला पावसानं गाठलं की शेंगेतच कोंब, ते तर आपण बघतोच. अजून एक, दिवस लहान होत गेला की सोयाबीन फुलावर येतं, म्हणून पेरणी लांबली की तोच वाण बुटका राहून लवकर उरकतो. त्यात कसलं आलंय औषध.

गोठ्यावरचा_डॉक्टर:
ब्रॉयलर वयात येतच नाही हो! दोन किलोचं झालं तरी सहा आठवड्यांचं पिल्लूच ते, आवाज ऐका, चिवचिवच करतं. त्याच जातीच्या कोंबडीला अंड्यावर यायला साधारण सहा महिने लागतात. वाढ जोरात आहे ती पिढ्यान्पिढ्याच्या निवडीमुळं आणि खाद्यामुळं. वाढीचं हार्मोन खाद्यातून दिलं तर पचूनच जाईल, टोचायचं म्हटलं तर हजारो पक्ष्यांना कोण टोचत बसणार.
कालवडीचा माज वयापेक्षा वजनावर येतो. संकरित कालवड खुराकावर असली तर दीड वर्षाच्या आतच माज दाखवते, तीच नुसत्या कडब्यावर ठेवली की अडीच वर्षं रखडते. देवणी, लाल कंधारी या आपल्याकडच्या देशी जातींना तीन वर्षं लागतात, तो जातीचा पण भाग आहे. फक्त पहिला माज दिसला की लगेच भरवू (गाभण करून घेऊ) नका, अडीचशे किलो होऊ द्या, नाहीतर विताना अडते आणि मग रात्री दोनला मला फोन.

शेळीवाला:
आमची उस्मानाबादी वर्षाच्या आत माजावर येते, आजोबांच्या काळापासून. तेव्हा कुठं होतं ब्रॉयलर 😀

वॉर्डातली_सिस्टर:
ताई, अकरा वर्षं नॉर्मल आहे, घाबरू नका. युरोपात १९ व्या शतकाच्या मध्यात मुलींना सोळा-सतराला पाळी यायची, २० व्या शतकाच्या मध्यापर्यंत ते वय तेराच्या आसपास आलं, खाणं सुधारलं आणि आजारपणं कमी झाली म्हणून. अंगात पुरेशी चरबी साठली की मेंदूला तसा निरोप जातो, हे डॉक्टर कालवडीबद्दल म्हणाले त्याच्या जवळचंच आहे. म्हणून वजन जास्त असलेल्या मुलींना लवकर येते, तिथं मात्र पुड्यातलं खाणं आणि दिवसभर मोबाईल याच्याकडं बघायला हवं. आठ वर्षांच्या आधी छाती वाढायला लागली (मुलग्यांत नऊच्या आधी बदल दिसले) तर डॉक्टरांना दाखवाच, ते मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. हाडं लवकर पक्की झाली तर उंची थांबते. आणि तिच्यासमोर हा वाद घालू नका, पोरगी बिचारी आधीच गांगरलेली असते.

लातूरची_सून:
सिस्टर, खूप धन्यवाद, बरं वाटलं. सासूबाई ब्रॉयलरवरून हटत नाहीत पण मामंजी गप्प झालेत, त्यांना आता वेगळीच काळजी लागलीय. डॉक्टर, आमच्या कालवडीनं कालच माज केला, काटा नाही तर वजन कसं बघायचं?

गोठ्यावरचा_डॉक्टर:
टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात, आणि खांद्याच्या टोकापासून मागं शेपटीजवळच्या हाडापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. घेर ५८ आणि लांबी ५० भरली तर २५५ किलो येतं, मग भरवायला हरकत नाही. कमी आलं तर हा माज सोडा, एकवीस दिवसांनी परत येईलच.