मृगाचा आठवडा, सोसायटीच्या ग्रुपवरून

आमची सोसायटी ठाण्यातली, येऊरच्या पायथ्याची. ग्रुप काढला तो पाणी, पार्किंग आणि मेन्टेनन्ससाठी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र गाडी भलत्याच रुळावर गेली. मंडळींना विचारून, नावं बदलून आणि 'शुभ सकाळ'ची फुलं गाळून ती चर्चा इथे उतरवतो आहे.

सोमवार

सुलभाकाकू (ए-302): गेटबाहेर येऊरची मावशी बसली आहे. शेवळं आणलीयत!! थोड्याच जुड्या उरल्यात, हव्या असतील त्यांनी लगेच खाली या.

सेक्रेटरीकाका: पार्किंग स्टिकरबद्दलचा वरचा मेसेज कृपया सर्वांनी वाचावा.

नेनेवहिनी (बी-404): काकू, माझ्या दोन जुड्या घेऊन ठेवा, कुकर लावलाय. बरोबर काकडं आहेत का?

सुलभाकाकू: आहेत. न मागता मूठभर दिली तिने.

निखिल (बी-701): काकू, फोटो पाहिला. हे खायचं असते का? मला वाटलं पूजेचं काही सामान आहे.

सुलभाकाकू: अरे, सुरणाच्या कुळातलं आहे ते. पहिला पाऊस पडला की जमिनीतून आधी हा फुलाचा दांडा वर येतो, पानं मागाहून. म्हणून जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतं. वरचं तपकिरी आवरण सोलायचं. आतल्या दांड्याला खाली पिवळा, दाणेदार भाग असतो, तो काढून टाकायचा, सगळी खाज तिथे. हाताला तेल लावल्याशिवाय सुरी धरायची नाही. मग बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं, काकडं ठेचून त्याचं पाणी काढायचं आणि त्यात शिजवायचं. आम्ही कोलंबी घालतो.

नेनेवहिनी: आम्ही भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि वर ओलं खोबरं. कोलंबीवाचून काही अडत नाही, हे मी दर पावसाळ्यात सांगते.

सुलभाकाकू: आणि दर पावसाळ्यात माझ्याकडची वाटी रिकामी परत येते.

नेनेवहिनी: ती ह्यांच्यासाठी असते.

निखिल: पण काकडं म्हणजे काय? काकडी?

पाटीलदादा (ए-101): नाय रे. काकड म्हणून जंगलातलं झाड, त्याची हिरवी फळं, बोराएवढी. आंबट-तुरट. नसली तर चिंच घालतात, काम भागतं, पण ती चव नाय. काकडं मिळाली नाहीत तर आमची आई शेवळं घरात घ्यायची नाही.

अमृता (सी-203): खाज येते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांची. अळूच्या फदफद्यात आपण चिंच घालतो, ते याच कारणाने.

देशपांडेकाका (सी-604): मागच्या वर्षी एका घरी खाल्ली होती. जेवणानंतर बराच वेळ घसा धरून बसलो होतो. कोणाकडे ते सांगत नाही.

सुलभाकाकू: सांगा की. त्या दिवशी जांभळी नाक्यावरसुद्धा काकडं मिळाली नव्हती, चिंचेवर भागवलं.

(रात्री)

निखिल: काकूंनी वाटी पाठवली. खिमा खाल्ल्यासारखं वाटलं बाप्पा! कोणाकडे उरली असेल तर बी-701 लक्षात ठेवा.

मंगळवार

देशपांडेकाका: पहाटे साडेतीनपासून एक पक्षी ओरडतोय. आवाज चढत चढत जातो, आता याचा गळा फुटणार असं वाटतं, मग गप्प. मग पुन्हा पहिल्यापासून. झोपेचं खोबरं झालं. सेक्रेटरी, याचं काही करता येईल का?

सेक्रेटरीकाका: पक्षी सोसायटीच्या हद्दीत आहे का?

(हा प्रश्न त्यांनी गंभीरपणे विचारला होता. आमच्या सेक्रेटरींना ओळखणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.)

अमृता: काका, तो पावशा! 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणतो तो. दिसायला थेट शिक्रा या शिकारी पक्ष्यासारखा, पण आहे कोकिळेच्या जातभाईंपैकी. स्वतः घरटं बांधत नाही, सातभाईंच्या घरट्यात अंडं घालतो. आपल्या बागेत मेंदीच्या कुंपणाखाली कलकलाट करत फिरणारी मातकट टोळी आहे ना, ते सातभाई. त्यांच्यावर डोळा ठेवून असणार.

देशपांडेकाका: म्हणजे बिनभाड्याचा भाडेकरू. पोलीस व्हेरिफिकेशन झालं आहे का?

नेनेवहिनी: तो पेरा म्हणतोय तर पेरा काहीतरी.

देशपांडेकाका: सहाव्या मजल्यावर काय पेरू? गॅलरीत कुंड्या दोन, त्यातल्या एकीत कोरफड.

पाटीलदादा: आमच्या गावच्या शेतात रोपांसाठी राब भाजून तयार होता, परवा भात पेरला. आवण म्हणजे रोपं वर आली की जुलैत लावणी. काका, चला लावणीला. पहाटे साडेतीनला उठवायला माणूस तुमच्याकडे आहेच.

बुधवारी दिवसभर गळतीचे फोटो. कोणाच्या छताला ओल, कोणाच्या खिडकीतून धार, ते सगळं इथे देत नाही. मधे एकच मेसेज वेगळा होता.

सुलभाकाकू: छत्री दुरुस्तीवाला गेटपाशी बसलाय. माझ्या सासऱ्यांची लाकडी दांड्याची काळी छत्री माळ्यावर पडून होती. त्याने दोन काड्या बदलल्या, टोकाला दोरा घातला, खटका तेलात बुडवून काढला. 'आता अशा येत नाहीत, विकू नका' म्हणाला. उघडताना 'फट्ट' असा आवाज येतो. मी उगाचच घरात तीनदा उघडली.

गुरुवार

चिन्मयची आई (बी-202): हा किडा विषारी आहे का? चिन्मय मागच्या गेटजवळच्या मातीतून काडेपेटीत घालून घेऊन आलाय. लालभडक आहे, मखमलीसारखा.

निखिल: वहिनी, हा तर मृगाचा किडा! काही करत नाही तो. आमच्या अकोल्याकडे पेरणीच्या टायमाला शेतात दिसतो. लहानपणी आम्ही तळहातावर घेऊन बसायचो. हात लावला की पाय पोटाशी घेते अन् गोळा होऊन पडून राहते. ठाण्यात पाहीन असं वाटलं नव्हतं. कुठे सापडला? मी येतो.

अमृता: चिन्मयला पाय मोजायला सांगा.

चिन्मयची आई: आठ म्हणतोय. बाबांनी पण मोजले. आठच.

अमृता: मग तो कीटक नाही, कोळ्याच्या नातेवाइकांतला. वर्षाचा बहुतेक काळ मातीत असतो, पहिल्या पावसानंतर थोडे दिवस वर येतो. संध्याकाळच्या आत जिथून उचलला तिथेच सोडा, काडेपेटीत कोरडा पडेल.

चिन्मयची आई: सोडायला पाच मुलं, निखिल आणि वॉचमनकाका गेले होते.

सेक्रेटरीकाका: स्टिकर न घेतलेले सभासद अद्याप अकरा आहेत.

शुक्रवार

रात्री पावणेनऊला मोठी सर आली आणि लाइट गेली. पुढची पाच मिनिटं ग्रुपवर 'तुमच्याकडे आहे का?' एवढंच चाललं होतं.

अमृता: सगळ्यांनी मागच्या बाजूची खिडकी उघडा. आत्ता टीव्ही नाही, एसी नाही, पंप नाही. ऐका.

नेनेवहिनी: अगंबाई! हे बेडूक? एवढे? कुठून आले?

पाटीलदादा: मागच्या मोकळ्या प्लॉटमधून. आले नाहीत वहिनी, हायतच. ही बिल्डिंग व्हायच्या आधी तिथपर्यंत भाताची खाचरं होती, आमच्याच भावकीची. दर मृगात असतात, आपला पंप त्यांच्यावर ओरडत असतो.

देशपांडेकाका: मी मागच्या जिन्याच्या खिडकीत उभा आहे. दोन तऱ्हेचे आवाज येतायत. एक जाडा, खोल, थांबून थांबून येणारा. दुसरा बारीक, एकसारखा.

अमृता: जाडा तो मोठा बेडूक असणार. या दिवसांत नर पिवळाजर्द होतो, हळद फासल्यासारखा. ओरडताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे येतात. मादीला बोलावणं चाललंय. बारीक आवाजाचे लहान जातीतले.

चिन्मयची आई: चिन्मय आणि त्याचे बाबा टॉर्च घेऊन कुंपणापाशी गेलेत.

देशपांडेकाका: त्यांना टॉर्च बंद करायला सांगा. बेडूक गप्प झाले!

नेनेवहिनी: आठळ्या उकडल्यात, मिठाच्या पाण्यात. डबा घेऊन खाली येते. कोणीतरी मेणबत्ती आणा.

(यानंतर तासभर ग्रुप शांत. सगळे स्टिल्टखाली. आठळ्या सोलताना नखं काळी झाली. ए आणि सी विंगमधली जी माणसं लिफ्टमध्ये फक्त मान हलवतात, ती एकाच बाकावर बसली होती. देशपांडेकाकांनी मुलांना जाडा आवाज काढून दाखवला. तो प्लॉटपर्यंत पोचला की नाही माहीत नाही, पण तिकडून उत्तर आलं.)

चिन्मयची आई: फोटो पाठवतेय. बेडूक आलेला नाही. चिखल आणि ह्यांची चप्पल आली आहे.

सेक्रेटरीकाका: लाइट आली. पंप सुरू केला आहे.

नेनेवहिनी: बेडूक बंद झाले हो.

पाटीलदादा: बंद नाय. ऐकू येत नाहीत.

देशपांडेकाका: सेक्रेटरी, वरची टाकी भरायला पंप रात्रीच लागतो का? संध्याकाळी सहाला चालवला तर काय बिघडेल?

सेक्रेटरीकाका: खालच्या टाकीत पाणी किती वाजता येतं त्यावर अवलंबून आहे. विषय पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर घेतो. कारण काय लिहू?

देशपांडेकाका: बेडूक.

सेक्रेटरीकाका: 'ध्वनी' लिहितो.

शनिवारी नुसता पाऊस. दुपारी तासभर उघडीप झाली तेव्हा निखिलने गच्चीवरून येऊरचा फोटो टाकला. धूळ धुऊन गेल्यामुळे डोंगर दोन पावलं पुढे सरकल्यासारखा वाटत होता. त्याखाली चोवीस अंगठे आले. आमच्या ग्रुपवर कोरम पूर्ण होण्याची ही पहिलीच वेळ असावी.

रविवार

पाटीलदादा: सासुरवाडीला गेलो होतो, पालघरकडे. बहाडोलीची जांभळं आणलीत. वॉचमनच्या केबिनमध्ये पाटी ठेवलीय, प्रत्येक घराने वाटीभर घ्या. जीआय टॅगवाली हायत, उगाच नावं ठेवू नका.

नेनेवहिनी: केवढी टपोरी! बी लहान, गर जास्त. मीठ लावून झाकून ठेवा मंडळी, अर्ध्या तासाने खा, तुरटपणा कमी होतो.

सुलभाकाकू: अर्धा तास कोणाला धीर आहे?

देशपांडेकाका: पाटीलदादा, बी रुजते का हो? कोरफड बाजूला करून कुंडी मोकळी केली आहे.

पाटीलदादा: ताजी असतानाच लावा, सुकू देऊ नका. पण काका, त्याचं मोठं झाड होतं.

देशपांडेकाका: झालं की पाटीलवाडीला पाठवून देऊ.

सेक्रेटरीकाका: बी विंगच्या लिफ्टमध्ये जांभळाच्या बिया टाकलेल्या आढळल्या आहेत. फरशीवर डाग पडले आहेत. संबंधितांनी स्वतःहून पुढे यावे, अन्यथा सीसीटीव्ही तपासावा लागेल.

चिन्मयची आई: काका, सीसीटीव्ही कशाला? विंगमधल्या सगळ्यांना जीभ दाखवायला सांगा.

नेनेवहिनी: बी-404 ची तपासणी झाली. मुलं निर्दोष. आमच्या ह्यांना फडकं देऊन खाली पाठवते आहे.