मागचं चाक सी-क्लिपच्या भरवशावर सोडावं का?

ग्रीसगन
शेवरोलेची सिल्व्हराडो १५०० किंवा नव्वदीतली फोर्ड एफ-१५०, या पिकअपच्या मागच्या डिफचं (डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणारे गिअर) झाकण काढून बघा. चाक फिरवणारा शाफ्ट, ब्रेकचा ड्रम, चाक हे सगळं बाहेर पडू नये म्हणून काय ठेवलंय? शाफ्टच्या आतल्या टोकाला एक खाच आणि त्या खाचेत घास घेतलेल्या पेढ्यासारखी एक लोखंडी चकती, हीच सी-क्लिप. क्लिपपासून चाकापर्यंत शाफ्ट कुठेही तुटला की चाक ड्रमसकट निघालं. १९५७ पासूनच्या फोर्डच्या ९ इंची एक्सलमध्ये बेअरिंग शाफ्टवर प्रेस केलेलं असतं आणि बाहेरून प्लेट ४ बोल्टांनी हौसिंगला (एक्सलच्या बाहेरच्या कवचाला) आवळलेली. तिथे स्प्लाइनपाशी (शाफ्टच्या आतल्या टोकाच्या दात्यांपाशी) तुकडा पडला तरी चाक जागेवर राहतं. सी-क्लिप हे माझ्या मते कंपनीचे पैसे वाचवायचं काम आहे, बाकी काही नाही.

तिरपा पाना
बिचाऱ्या क्लिपला उगाच शिव्या. ती साइड गिअरच्या (शाफ्ट ज्यात बसतो त्या गिअरच्या) खोबणीत बसते, त्यामुळे फाकू शकत नाही. दोन्ही शाफ्टच्या मधे क्रॉस पिन (आडवी दांडी) असते, म्हणून शाफ्ट आत सरकत नाही आणि क्लिप सुटत नाही. बिघडतं ते दुसरीकडेच.

एक, क्रॉस पिनचा लॉक बोल्ट. फोर्डच्या ८.८ इंची एक्सलमध्ये हा जेमतेम ५/१६ इंची. लोक जुनाच बोल्ट लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा गोंद) न लावता परत घालतात. तो तुटला की पिन सरकते आणि पुढे डिफच्या आत काय होतं ते सांगायला नको. नवा बोल्ट चहाच्या पैशात येतो.

दोन, बेअरिंगचे रोलर थेट शाफ्टवरच फिरतात, आतली रेस (रोलर धावायची वेगळी कडी) नाही. शाफ्टवर नख फिरवा. अडकलं तर घळ पडलीय. त्यावर नवं बेअरिंग आणि नवं सील घातलंत तरी थोड्याच दिवसांत तेल ब्रेक लायनरवर. मग शाफ्ट बदला, नाहीतर न झिजलेल्या जागेवर रोलर चालवणारं रिपेअर बेअरिंग घाला. ते मात्र तात्पुरतं समजा.

उघडताना चाक आणि ड्रम आधी काढा, मग तेल, लॉक बोल्ट, पिन. शाफ्ट आत ढकला, क्लिप हातात येते. पिन बाहेर असताना शाफ्ट फिरवलात तर स्टार गिअर (पिनवरचे छोटे गिअर) घरंगळून डिफच्या खिडकीत येतात आणि परत जुळवताना घाम निघतो.

ग्रीसगन
बोल्टाचं मान्य. पण एनएचआरए (अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संस्था) पाव मैल १०.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर काटणाऱ्या गाडीला शाफ्ट धरायची वेगळी सोय सक्तीची करते, ते काय हौस म्हणून? शिवाय क्लिपला आत-बाहेर थोडा प्ले (हलायला मोकळीक) लागतोच. मागे डिस्क ब्रेक असेल तर तोच प्ले पॅड मागे ढकलतो आणि पेडल खाली जातं.

प्रेसवाला
प्लेटचं इतकं कौतुक नको. प्लेट हौसिंगला धरते ती बेअरिंगला. शाफ्टला धरते ती बेअरिंगमागची प्रेस केलेली रिंग. ती सैल झाली की शाफ्ट बेअरिंगमधून बाहेर सरकायला लागतो. ड्रम घासल्याचा आवाज येतो तेव्हा जागं व्हायचं.

जुनी रिंग गॅसने कापू नका, शाफ्टचं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरतं. रिंगमध्ये भोक पाडा, पण ड्रिल शाफ्टपर्यंत जाऊ देऊ नका. मग त्या भोकावर छिन्नीचा एक ठोका, रिंग उकलते. बेअरिंग आणि रिंग एकदम दाबू नका. आधी बेअरिंग शाफ्टच्या खांद्याला टेकेपर्यंत, मग रिंग. आणि सगळ्यात आधी प्लेट शाफ्टवर घातली आहे ना, हे बघा. ही चूक जुनेजाणतेही करतात.

टोयोटा हायलक्स पिकअपच्या मागच्या शाफ्टवरही प्रेसचंच काम आहे. एबीएस असेल तर त्याची दातेरी रिंगही शाफ्टवर, म्हणून माप मिलिमीटरपर्यंत पाळावं लागतं. घरच्या जॅकवर हे जमत नाही. सी-क्लिपचा शाफ्ट प्रेसशिवाय निघतो, हा फायदा ग्रीसगन सोयीस्कर विसरले.

आठ बोल्ट
तुम्ही तिघं भलत्याच गोष्टीवर भांडताय. दोन्हीकडे गाडीचं वजन शाफ्टवरच आहे. बेअरिंगच्या बाहेर, फ्लँजपाशी (चाक बसतं त्या चपट्या तोंडापाशी) शाफ्ट तुटला तर प्लेटही चाक वाचवत नाही. भार वाहायचा असेल तर फुल फ्लोटिंग, म्हणजे वजन शाफ्टवर न येणारा एक्सल. जनरल मोटर्सचा १०.५ इंची '१४-बोल्ट' नावाचा एक्सल १९७३ पासून तसाच आहे. हब हौसिंगच्या नळीवर दोन टेपर बेअरिंगांवर फिरतं, शाफ्ट फक्त फिरवायचं काम करतो. फ्लँजचे ८ बोल्ट काढा, चाक जमिनीवर असतानाच शाफ्ट हातात. आपल्याकडच्या मोठ्या ट्रकांत हेच असतं.

ग्रीसगन
म्हणजे भाजी आणायला ट्रक?

आठ बोल्ट
नाही. रिकामी फिरणारी 'अर्ध्या टनाच्या' वर्गातली (हलका माल वाहणारी) पिकअप असेल तर सी-क्लिप राहू द्या. ट्रेलर ओढणार असाल तर एक्सल बदलायचा हिशोब करा. मधलं म्हणून लोक क्लिप काढून टाकायचे बोल्ट-ऑन किट घेतात. त्यात बेअरिंग डिफच्या तेलावर चालत नाही, सील वेगळं येतं आणि हौसिंगचं तोंड जरा वाकडं असलं की गळती. घ्यायचंच तर हौसिंगची टोकं कापून नवी वेल्ड करून घ्या, तीही जिगवर (टोकं सरळ धरणाऱ्या साच्यावर).

तिरपा पाना
त्याआधी चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवा. तसा प्ले मिळाला तर बेअरिंग गेलंय, क्लिपचा काही संबंध नाही. आत-बाहेर किंचित हलतं, ते असायलाच हवं.