लिफ्टचा चटका, संगणकाची रॅम आणि इमारतीचे अर्थिंग

सचिव: सर्व सभासदांना नमस्कार. गेल्या आठवड्यात बी विंगमधील तिघांनी लिफ्टच्या स्टीलच्या पट्टीला हात लावताच चटका बसल्याचे कळवले. देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाला बोलावून तपासणी केली असून लिफ्टचे अर्थिंग व्यवस्थित असल्याचे त्याने लेखी दिले आहे. तरीही संपूर्ण इमारतीचे अर्थिंग नव्याने करून घ्यावे का, याविषयी मते कळवावीत.

बी-४०२: माझ्या मते करून घ्यावे. रविवारी मुलगा गालिच्यावर बसून संगणकात नवी रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, बसवत होता. पट्टी हातात घेताना त्याला चट् असा चटका बसला आणि त्यानंतर संगणक सुरूच होईना. दुकानदार पट्टी बदलून द्यायला तयार नाही. वायरिंगमध्ये दोष नसेल तर असे कसे घडेल?

सी-१०१: ताई, नुकसान झाले याचे वाईट वाटते, परंतु हा दोष वायरिंगचा नाही. मी अनेक वर्षे इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करण्याचे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पावसाळ्यात हवेतील ओलावा प्रत्येक पृष्ठभागावर अतिशय पातळ थर धरतो आणि घर्षणाने निर्माण झालेला विद्युतभार त्यातून हळूहळू निघून जातो. जानेवारीच्या कोरड्या दुपारी मात्र तो निघायला वाट नसते, त्यामुळे पॉलिएस्टरचा गालिचा, लोकरीचा स्वेटर आणि रबरी चपला यांच्या संगतीने तो आपल्या अंगावर साठत राहतो. रात्री दिवा मालवून ब्लँकेट झटकल्यावर ज्या बारीक निळसर ठिणग्या दिसतात, त्या याच विजेच्या. लिफ्टची पट्टी आपल्याला वीज देत नाही; आपल्या अंगावरचा भार तिच्यात उतरतो.

आपल्याला चटका जाणवतो तेव्हा साधारण ३,००० व्होल्टच्या आसपास दाब असतो. प्रवाह क्षणभराचा असल्याने माणसाला इजा होत नाही. परंतु चिपमधील काही नाजूक भाग १०० व्होल्टच्या आतही बिघडू शकतात. म्हणजे आपल्याला काहीच जाणवले नाही तरी भाग दुखावला गेलेला असू शकतो. कधी तो लगेच मरतो, कधी काही महिने चालून मग दगा देतो. मला हाच दुसरा प्रकार अधिक त्रासदायक वाटतो, कारण मूळ कारण कधीच सापडत नाही.

तरीही ताई, पट्टी मेलीच असे आताच धरून चालू नका. ती खाचेत पूर्ण बसली नसेल तरीही संगणक असाच बंद राहतो. प्लग काढून ठेवा, गालिचा सोडून फरशीवर टेबल घ्या, संगणकाच्या कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला आधी हात लावा आणि काम करताना अधूनमधून लावत राहा. आपण आणि यंत्र एकाच पातळीवर आलो की ठिणगी पडण्याचे कारण उरत नाही. पट्टी कडांना धरा, सोनेरी दातांना बोट लावू नका, क्लिप खट् वाजेपर्यंत दाबा. सुटा भाग बसवेपर्यंत मूळ चंदेरी पिशवीतच असू द्या. आतली धूळ घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने काढू नये, कारण प्लास्टिकच्या नळीतून धूळ वेगाने जाताना हाच भार तयार होतो.

ए-३०३: काका, आमच्याकडे सर्ज प्रोटेक्टर आहे. तो पुरेसा नाही का?

सी-१०१: तो तारेतून येणारा वाढीव दाब अडवतो. तुमच्या बोटातून थेट बोर्डवर पडणाऱ्या ठिणगीच्या वाटेत तो येतच नाही.

ए-३०३: मग संगणकाच्या कॅबिनेटला हात लावला की सतत झिणझिण्या येतात, तेही हवामानामुळेच का?

सी-१०१: नाही, आणि ही गोष्ट कृपया टाळू नका. एकदाच बसून संपणारा चटका हा अंगावरच्या भाराचा असतो. हात ठेवलेला असेपर्यंत येत राहणाऱ्या झिणझिण्या म्हणजे त्या सॉकेटपर्यंत अर्थिंग पोहोचलेले नसण्याची दाट शक्यता. वायरमनकडून मोजून घ्या: फेज आणि अर्थ यांच्यात सुमारे २३० व्होल्ट दिसायला हवेत, तर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात जेमतेम एक-दोन. फ्रिज किंवा वॉशिंग मशीनला अशा झिणझिण्या येत असतील तर ते यंत्र तपासणीपर्यंत बंदच ठेवा.

सचिव: काकांच्या म्हणण्यानुसार संपूर्ण इमारतीचा खर्च तूर्त थांबवून प्रत्येक घरातील तीन पिनांचे सॉकेट तपासून घेणे योग्य ठरेल. ज्यांना झिणझिण्या जाणवतात त्यांनी आपला फ्लॅट क्रमांक आणि उपकरण येथे लिहावे. वायरमन शनिवारी सकाळी १० वाजता ए-३०३ पासून सुरुवात करील.

बी-४०२: काका, पट्टी पुन्हा दाबून बसवली. आता एका बाजूची क्लिप वाजली, दुसरी वाजली नाही.

सी-१०१: प्लग काढा, पट्टी पूर्ण बाहेर घ्या आणि तिच्या खालची खाच स्लॉटमधील उंचवट्याशी जुळते का पाहा. उलटी असेल तर जोर लावू नका. संध्याकाळी मी येऊन पाहतो.