मदत हवी आहे: प्रोसेसर ०.७८ वर अडकलाय, फर्मवेअरची एरर

उद्यमनगरकर
शनिवारपर्यंत पॅटर्नची ड्रॉइंग्ज फाउंड्रीत द्यायचीत आणि मशीन गोगलगाय झालंय. टास्क मॅनेजर स्पीड ०.७८ गिगाहर्ट्झ दाखवतो, तिथनं हलतच नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-प्रोसेसर-पॉवर, इव्हेंट ३७ च्या ओळीच ओळी. सिस्टिम फर्मवेअरनं (बोर्डावरच्या आतल्या सॉफ्टवेअरनं) प्रोसेसरचा स्पीड कमी ठेवलाय, ७१ सेकंद झाले, असं काहीतरी. विंडोज दोनदा टाकलं. बायोसमध्ये स्पीडस्टेप, सी-स्टेट (वीज वाचवायच्या सेटिंग्ज) बंद करून पाहिलं, चालू करून पाहिलं. ढिम्म. लवकर सांगा. रीस्टार्ट केलं का, हे विचारू नका.

रंकाळ्याचा वारा
रीस्टार्ट राहू दे, लॅपटॉप आहे की डेस्कटॉप? कधीपासून?

उद्यमनगरकर
लॅपटॉपच की. आय-सेव्हन, १६ जीबी. मंगळवारपासून.

पेठेतला पैलवान
भावा, डोकं लावू नको. थ्रॉटलस्टॉप नावाचं सॉफ्टवेअर टाक, त्यात बीडी प्रॉचॉटची टिक काढ. माझा चार वर्षं तसाच पळालाय. विषय कट.

जुना मेकॅनिक
प्रॉचॉट ही प्रोसेसर तापल्याची खूण. बीडी म्हणजे दोन्ही बाजूंनी. बोर्डावरचा दुसरा भागसुद्धा ती देऊन प्रोसेसरला दाबून ठेवू शकतो. कोण देतंय ते न बघता टिक काढणं म्हणजे फ्यूज उडतोय म्हणून जाड तार बांधणं. तापमान किती?

उद्यमनगरकर
४६. पंखासुद्धा गप्प.

पेठेतला पैलवान
मग तापलेलाच नाही तर टिक काढायला काय जातंय?

मोना_राजारामपुरी
पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के आहे का बघा. माझं तेच निघालं होतं.

जुना मेकॅनिक
ताई, ९९ नं फक्त टर्बो, म्हणजे वरचा जादा स्पीड, बंद होतो. एवढा खाली येत नाही.

उबंटूभक्त
लिनक्स टाका, सुटाल.

उद्यमनगरकर
माझं कॅड त्यावर चालत नाही. शनिवार म्हटलं ना वर?

रंकाळ्याचा वारा
बायोस अपडेट करून बघ. फक्त मध्येच मशीन बंद पडू देऊ नको, नाहीतर बोर्ड गेलाच. आमच्या पाहुण्यांचा गेला असाच, लाइट गेली तेव्हा. २०१९ च्या पुरात वाचलेला पीसी होता तो, माळ्यावर ठेवला होता म्हणून. असो.

उद्यमनगरकर
तेपण केलं. अपडेट सुरूच होत नाही. एसी अडॅप्टर जोडा म्हणतंय. अरे, जोडलेलाच आहे की!

जुना मेकॅनिक
थांबा. चार्जर मशीनबरोबर आलेलाच आहे का?

उद्यमनगरकर
नाही, तो जळला. सोमवारी स्टेशन रोडवरून दुसरा घेतला. पिन बरोबर बसते, लाइट लागते. सुरू करताना अडॅप्टर ओळखला नाही अशी पाटी यायची, ती दुकानदारानं बायोसमधून बंद करून दिली. त्याचा इथं काय संबंध?

रंकाळ्याचा वारा
राव, हे पहिल्या ओळीत लिहायचं!

जुना मेकॅनिक
सगळा संबंध तिथंच आहे. काही कंपन्यांच्या चार्जरच्या गोल पिनीत मधोमध बारीक सुई असते. चार्जर किती वॅटचा, हे लॅपटॉपला तिच्यातून समजतं. समजलं नाही तर फर्मवेअर भरवसाच ठेवत नाही, प्रोसेसर तळाला नेऊन ठेवतं आणि बॅटरीही चार्ज करत नाही. दुकानदारानं पाटी बंद केली, मूळ कारण तसंच राहिलं. ती पाटी आधी परत चालू करा. मग चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर स्पीड सांगा. आणि दोन्ही चार्जरवरचे वॅट वाचा.

उद्यमनगरकर
बॅटरीवर २.९!!! जळक्यावर १३० लिहिलंय, नव्यावर ६५.

पेठेतला पैलवान
म्हणजे प्रॉचॉटच की! मी काय सांगत होतो? टिक काढली असती तर निम्मी ड्रॉइंग्ज झाली असती.

जुना मेकॅनिक
आणि ६५ च्या चार्जरवर झेपणार नाही एवढा भार आला असता.

उद्यमनगरकर
भांडा नंतर. बॅटरी ३१ टक्के आहे, खरंच चढत नाही. १३० वॅटचा ओरिजिनल आज शाहूपुरीत मिळेल का? आणि ह्याचे पैसे परत देईल का तो?

रंकाळ्याचा वारा
पैसे विसर. लॅपटॉप सोबत घेऊन जा, दुकानातच लाव, स्पीड बघ, मगच पैसे मोज.

मोना_राजारामपुरी
मी आत्ता ९९ चं १०० केलं, पंखा गिरणीसारखा वाजतोय. परत ९९ करू का?

जुना मेकॅनिक
ताई, तुम्ही वेगळा धागा काढा.