शब्दचर्चा : 'विचारणाधीन कैदी'ला मराठीत काय म्हणायचं?

खानापूर : एका कन्नड नोटिशीचा मराठी तर्जुमा करून देतोय. 'विचारणाधीन कैदी'शी अडलोय, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधी तुरुंगात असलेला. शब्द तसाच ठेवला तर चालेल का?

शहापूर, बेळगाव : नको. कन्नडात 'विचारणे' म्हणजे कोर्टातली सुनावणीसुद्धा. आपल्या कानाला 'विचारणा' म्हणजे नुसती चौकशी. वाचणाऱ्याला वाटेल, पोलीस अजून प्रश्नच विचारताहेत. महाराष्ट्रातल्या तुरुंगांच्या कागदांत 'न्यायाधीन बंदी' असतं आणि शिक्षा लागलेल्याला 'सिद्धदोष बंदी'. ही जोडी मला फार आवडते. दोष सिद्ध झाल्यावरच दोषी, हे शब्दातच आलं. बोलताना आपण 'कच्चा कैदी' म्हणतो खरं, पण कच्चा म्हटला की तो कधीतरी पिकणार हे आपण धरूनच चालतो. कायद्यात उलट धरायचं असतं : गुन्हा शाबीत होईपर्यंत निर्दोष.

निपाणी : आणि 'स्थानबद्ध'? आमच्याकडे सरसकट वापरतात.

शहापूर, बेळगाव : तो वेगळा. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये अटक आणि स्थानबद्धता असे दोन्ही शब्द आहेत. अटक झालेल्याला २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. प्रतिबंधक स्थानबद्धतेत माणूस पुढं काहीतरी करील म्हणून आत ठेवतात. सल्लागार मंडळाच्या अभिप्रायाशिवाय ३ महिन्यांपलीकडे ठेवता येत नाही, हे बंधन आहे. पण खटलाच नाही, तर 'निर्दोष सुटला' तरी कधी म्हणायचं? आणीबाणीतले 'मिसाबंदी' हे असेच.

निपाणी : मग महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला आलेल्यांना गाडीत घालून नेतात आणि संध्याकाळी सोडतात, ते?

शहापूर, बेळगाव : पेपरवाले 'ताब्यात घेतले' लिहितात, तेच बरोबर. त्याला स्थानबद्ध म्हणणं म्हणजे उगाच फुगवणं.

येळ्ळूर : आमच्या गल्लीतला एक पोरगा सात महिन्यांनी हिंडलग्याच्या तुरुंगातून जामिनावर आला. आई म्हणाली, "शिक्षा भोगून आला गा बिचारा." खटला अजून सुरूही झाला नव्हता. मी सुधारायला गेलो, तर म्हणते, "मग सात महिने काय पाव्हणा म्हणून ऱ्हायला होता?" याच्यावर काय बोलणार? आणि पुढं असा कुणी सुटला तरी बातमीत 'पुराव्याअभावी सुटका' येतं. म्हणजे केलं असणारच, सापडलं नाही इतकंच. कोर्टानं निर्दोष म्हटलं असेल तर 'निर्दोष मुक्तता' लिहायला काय जातं?

खानापूर : 'न्यायाधीन बंदी' लिहितो. कंसात 'कच्चा कैदी'ही टाकतो, नाहीतर ज्याच्या घरी नोटीस जायची आहे त्यांनाच कळायचं नाही.