मिडवाइफरीचं केसबुक: न केलेल्या डिलिव्हरी लिहू का?

तेजू_नर्सिंग
नमस्कार. बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या लेबर रूममध्ये तीन कॉलेजांच्या मुली एकदमच पोस्टिंगला येतात. एका डिलिव्हरीभोवती सहा-सात जणी उभ्या. मिडवाइफरीच्या, म्हणजे बाळंतपणाच्या विषयाच्या केसबुकात (केसेसच्या नोंदवहीत) डिलिव्हरींचा ठरलेला आकडा भरायचा असतो, आणि माझ्या हातच्या केसेस पुऱ्या पडत नाहीत. बाकीच्या मुली सीनियरचं केसबुक आणून नावं-तारखा बदलून उतरवतात, पार्टोग्राफसकट (कळा सुरू असताना आई-बाळाच्या नोंदींचा तक्ता). मॅडमना ठाऊक आहे. 'आकडा पूर्ण करा, मग सही,' म्हणतात. मीही लिहून टाकू का? पेशंटचं तर काही बिघडत नाही ना यात?

लेबररूम_सिस्टर
तेजू, बिघडतं गं. बाळंतपणानंतर पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी, गर्भाशय कडक आहे का, रक्तस्राव किती, हे बघायचं असतं. आमच्याकडे एका विद्यार्थिनीने पुढच्या तासाभराचे रकाने आधीच भरले होते. नाडी ८०, बीपी १२०/८०, चारही वेळा तेच. मी पेशंटच्या मनगटाला हात लावला तर नाडी १३०, गर्भाशय मऊ, पॅड भिजून चादर ओली. बीपी अशा वेळी बराच वेळ टिकून राहतं, आधी वाढते ती नाडी. बाई वाचली. मुलीला खूप बोलले, तर रडत म्हणाली, 'सिस्टर, केसबुकात असंच तर लिहितो आम्ही.' आता कुणाचंही केसबुक हातात आलं की मी आधी श्वसनाचा रकाना बघते. ओळीने २०, २०, २० असेल तर मिनिटभर थांबून कुणी मोजलेलं नाही.

जीएनएमवाली
सिस्टर, पटतं. पण कॉलेजं भरमसाट जागा भरतात, मुलींनी केसेस आणायच्या कुठून?

लेबररूम_सिस्टर
खरंय, आणि ते कॉलेजला लेखी विचारायलाच हवं. तेजू, स्वतः केलेल्या, मदत केलेल्या आणि नुसत्या पाहिलेल्या केसेस वेगवेगळ्या लिही. जादा पोस्टिंगसाठी प्राचार्यांकडे अर्ज दे. एकटीने नको, चार-पाच जणींच्या सह्या घे. नाईट मागून घे, रात्री मुलींची गर्दी कमी असते. ड्यूटीवरच्या सिस्टरला आल्या आल्याच सांग, 'मला स्वतः करायचंय, तुम्ही शेजारी थांबा.'

तेजू_नर्सिंग
अर्ज लिहिते. दोघी तयार आहेत. पण मॅडम चिडल्या तर?

लेबररूम_सिस्टर
चिडतील कदाचित. अर्जाची एक प्रत त्यांनाही दे आणि पोच घे. मसुदा इथे टाक, रात्री ड्यूटीवरून आले की वाचते.