लॅपटॉप ९४ डिग्रीला जातोय, उद्या सकाळी ड्रॉइंग द्यायचंय, मदत हवी

उद्यमनगर_पॅटर्न: लॅपटॉप ९४ दाखवतोय, मधेच ९६. पंखा असा बोंबलतोय की शेजारचं लेथ बरं. प्रोसेसर जळेल का? हो की नाही एवढंच सांगा. सकाळी फाउंड्रीत ड्रॉइंग पोचवायचंय.

रंकाळा_काठ: भावा, मॉडेल? प्रोसेसर कुठला? काय चालू असताना ९४?

उद्यमनगर_पॅटर्न: काळा आहे. २०१८ चा. आय५.

रंकाळा_काठ: रंग कुणी विचारला?

पेस्ट_बदला: प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, उष्णता बाहेर नेणारी, ती वाळली, दुसरं काही नाही. मी घरीच बदलली, १२ डिग्री उतरलं.

शाहूपुरीकर: ह्यांना प्रत्येक धाग्यात पेस्टच दिसते. आधी लॅपटॉप गादीवर ठेवलाय का विचारा. खालची जाळी बंद झाली की पेस्ट काय करणार?

पेस्ट_बदला: आणि तुम्हाला प्रत्येक धाग्यात गादी.

गगनबावडा_पाऊस: मी एएमडीचा रायझेन ५५००यू प्रोसेसरवाला घेतला. त्याची मर्यादा १०५ आहे. इंटेल घ्यायचाच कशाला?

रंकाळा_काठ: त्याला उद्या सकाळी ड्रॉइंग द्यायचंय, लॅपटॉप घ्यायचा नाही.

सर्किट_काकू: २०१८ चा आय५ म्हणजे बहुतेक ८२५०यू. त्याची मर्यादा इंटेलनं १०० दिली आहे. तिथं पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो, त्याच्याही वर गेला तर मशीन बंद पाडतो. म्हणून ९४ ला लगेच जळत नाही. पातळ लॅपटॉप जोराच्या कामात ८०-९० ला जातातच. खरा प्रश्न वेगळा आहे. सगळं बंद करून दहा मिनिटं नुसता ठेवला तर किती दाखवतो?

उद्यमनगर_पॅटर्न: ७८.

सर्किट_काकू: हे जास्त आहे. नुसता असताना ४०-५५ च्या आसपास हवा. मागून काही चालू आहे का बघ, नाहीतर हवाच जात नाही. तुमच्याकडची काळी धूळ पंख्यात बसली असणार.

उद्यमनगर_पॅटर्न: मग कॉम्प्रेसर मारू का? वर्कशॉपमध्येच आहे.

सर्किट_काकू: थांब! त्या हवेत पाणी आणि तेल असतं. शिवाय पंखा वाऱ्यानं गरगर फिरला की बेअरिंग जातं. बंद करून, पाती काडीनं धरून, मऊ ब्रशनं साफ कर. आजच्यापुरतं पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' ९९ कर. टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो, वेग थोडा जातो, उष्णता बरीच कमी होते.

उद्यमनगर_पॅटर्न: केलं. काम चालू असताना ८१. पण माउसशिवाय हाल आहेत, टचपॅड दोन आठवडे झाले दबतच नाही.

रंकाळा_काठ: दबत नाही म्हणजे?

उद्यमनगर_पॅटर्न: वर आलाय जरा. त्याचा काय संबंध?

सर्किट_काकू: अरे देवा, हे पहिल्या ओळीत लिहायचं! बॅटरी फुगली असणार. वरून दाबू नकोस. फाइल पेनड्राइव्हवर घे, चार्जर काढ, बंद कर. ओतकामाच्या लाकडी पॅटर्नच्या ढिगाजवळ तर अजिबात ठेवू नको.

पेस्ट_बदला: बॅटरी बदलताना उघडणारच आहात, तर पेस्टही...

शाहूपुरीकर: झालं सुरू.

चप्पललाइन: माझा मोबाइल चार्ज होताना गरम होतो, त्याचं काय?

शाहूपुरीकर: कव्हर काढा आणि वेगळा धागा काढा.

उद्यमनगर_पॅटर्न: बॅटरी अजून दीड तास पुरतेय. मग फुगलेली कशी?

सर्किट_काकू: आत गॅस धरला तरी चार्ज राहू शकतो. तास मोजू नको, बाळा. बंद कर.

उद्यमनगर_पॅटर्न: केला बंद. बहिणीचा लॅपटॉप आणलाय, सॉफ्टवेअर टाकतोय. हा ५२ दाखवतोय. चालेल का?

रंकाळा_काठ: चालेल. आता तापमान बघायचं बंद कर आणि ड्रॉइंग काढ.